वाळूच्या पेटीत हिमालय: कवच आकसून पर्वतरांगा कशा उभ्या राहतात, ते करून बघण्याची रीत

हिमालय हा वली पर्वत आहे, असं शाळेत शिकल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र राहतं: सतरंजी एका बाजूने लोटली आणि तिला सुरकुत्या पडल्या. हे चित्र अर्धंच खरं आहे. घड्या पडतातच, पण उंचीचा मोठा वाटा खडकांचे लांबच लांब काप एकमेकांवर चढण्यातून येतो. कौलारू छपरावर एक कौल दुसऱ्यावर अर्धं चढलेलं असतं, तसे हे काप बसतात. असा काप ज्या कमी उताराच्या भेगेवरून वर सरकतो, तिला थ्रस्ट म्हणतात. पृथ्वीचं कवच आडवं आकसतं आणि तेवढंच उभं जाड होतं.

हे सगळं एक मीटर लांबीच्या पेटीत कोरड्या वाळूने दाखवता येतं. रीत जुनी आहे. स्कॉटलंडच्या डोंगरांत जुने खडक नव्यांवर कसे चढले, हे समजून घेण्यासाठी भूवैज्ञानिक हेन्री कॅडेल यांनी १८८०च्या दशकात असेच थर रेटून बघितले होते. आजही विद्यापीठांच्या प्रयोगशाळा हाच प्रयोग करतात, फक्त मोटर आणि कॅमेरे चांगले असतात.

प्रयोग एकदाच करून थांबू नका. किमान दोनदा करा आणि दुसऱ्या वेळी फक्त तळ बदला. पर्वताचा उतार रेटा किती मोठा आहे यावर ठरत नाही, तळ किती खरखरीत आहे यावर ठरतो. ही गोष्ट दोन निकाल शेजारी ठेवल्याशिवाय पटत नाही.

पेटी

आतली लांबी १०० सेंमी, रुंदी २० सेंमी, उंची २० सेंमी. तळाला १२ मिमी प्लायवूड आणि त्यावर गुळगुळीत सनमायका. लांबीच्या दोन्ही बाजूंना ५ मिमी काच. अॅक्रिलिक हलकं असतं, पण पुसलं की त्यावर स्थिर वीज साठते, वाळूचे बारीक कण चिकटून बसतात आणि फोटोत थर दिसेनासे होतात. काचेच्या कडा दुकानातूनच घासून आणा. कोपरे सिलिकॉनने बंद करा.

रेटणारी फळी आतल्या रुंदीपेक्षा ३ मिमी कमी ठेवा आणि तिच्या दोन्ही बाजूंना व खालच्या कडेला फोमची पातळ पट्टी चिकटवा. फट राहिली तर वाळू मागे गळते आणि नंतरचा हिशोब चुकतो. पट्टी फार जाड लावली तर फळी अडकत अडकत, धक्के देत सरकते. रेट्यासाठी १० मिमीचा थ्रेडेड रॉड घ्या. पेटीच्या मागच्या भिंतीत नट पक्का बसवा. रॉडचं टोक फळीला असं जोडा की रॉड फिरेल पण फळी फिरणार नाही. नेहमीच्या १० मिमी रॉडच्या आट्यांचं अंतर १.५ मिमी असतं, म्हणजे हँडलच्या २ फेऱ्यांत फळी ३ मिमी पुढे जाते.

फळी म्हणजे नेमकं कोण, भारत की आशिया? फळी हा मागचा घट्ट, जाड भाग, आणि वाळू म्हणजे भारतीय प्लेटच्या पाठीवरचे थर. प्रत्यक्षात भारत उत्तरेकडे सरकून खाली शिरतो आणि पेटीत फळीच पुढे येते, पण महत्त्व दोघांमधल्या सापेक्ष हालचालीला आहे. निकाल सारखाच येतो.

वाळू

नदीची किंवा बांधकामाची वाळू चालते. समुद्राची घ्यायची तर आधी चार-पाच पाण्यांतून धुवा, कारण मीठ ओल धरून ठेवतं आणि शिंपल्यांचे चपटे तुकडे घर्षण बिघडवतात. रव्याच्या चाळणीतून खाली पडलेली आणि मैद्याच्या चाळणीवर राहिलेली तेवढी ठेवा. दाणा साधारण ०.२ ते ०.५ मिमीचा हवा. त्याहून बारीक धूळ राहिली तर दाणे एकमेकांना धरून बसतात.

वाळू पूर्ण कोरडी हवी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, उन्हावर भरवसा ठेवू नका. कढईत भाजून, थंड करून डब्यात भरा. ओलसर वाळू रेटली की उभ्या चिरा पडतात आणि सबंध ढेपच पुढे सरकते, थ्रस्ट दिसतच नाहीत. प्रयोग फसण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

लागेल किती? ९० सेंमी लांब, २० सेंमी रुंद, ३ सेंमी जाड थर म्हणजे ५४०० घन सेंमी. शिंपडलेल्या वाळूचं वजन घन सेंमीला सुमारे १.५५ ग्रॅम धरलं तर साधारण साडेआठ किलो. दहा किलो तयार ठेवा. खुणेच्या रेघांसाठी दोन गडद रंगांची रांगोळी, प्रत्येकी अर्धा किलो.

आधी घर्षण मोजा

हा भाग गाळू नका, पुढच्या सगळ्या आकड्यांचा आधार हाच आहे. १० सेंमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा ३ सेंमी उंच तुकडा कापा, सनमायकावर ठेवा, वाळूने भरा आणि कडं केसभर वर उचलून धरा, म्हणजे सनमायकाला फक्त वाळू टेकेल. आता सनमायकाचा तळ एका टोकाने हळूहळू उचला. वाळू ज्या कोनाला घसरते तो घर्षणकोन. त्याचा टॅन म्हणजे घर्षणांक: १७ अंशांना सुमारे ०.३, ३१ अंशांना ०.६. पाच वेळा करून सरासरी घ्या. मग तेच ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर करा. वाळूचा स्वतःचा कोन बहुधा ३० ते ३५ अंशांत येतो. सनमायकाचा त्याहून बराच कमी यायला हवा. तसा आला नाही, तर सनमायकावर धूळ किंवा ओरखडे आहेत.

थर घालणं

वाळू ओतू नका, चाळणीतून २० ते ३० सेंमी उंचीवरून शिंपडा. शिंपडलेले दाणे घट्ट बसतात. घट्ट वाळू तुटताना थोडी फुगते, आणि एकदा फुगली की तीच जागा कमजोर होते. म्हणून पुढची हालचाल त्याच अरुंद पट्ट्यात होत राहते आणि स्वच्छ भेग दिसते. ओतलेल्या सैल वाळूत हे घडत नाही, सगळा थर नुसता जाड होत जातो.

दर ५ मिमी वाळूवर रांगोळीचा जेमतेम अर्धा मिमी थर, असे सहा थर घाला. रांगोळीची भुकटी वाळूपेक्षा वेगळी वागते, म्हणून ती फक्त खुणेपुरती हवी. जाड घातली तर थर तिच्यावरूनच निसटतात. प्रत्येक थर सरळ पट्टीने हलकेच ओढून सारखा करा, दाबू मात्र नका. शेवटी वरच्या पृष्ठभागावर ५ सेंमीच्या चौकटी रांगोळीने आखा. कडांना काच वाळू धरून ठेवते, त्यामुळे भेगांच्या रेषा वरून बघताना कडेला मागे वळतात. चौकटींमुळे हा काचेचा परिणाम किती आत पोचलाय ते कळतं. पेटीची रुंदी थराच्या जाडीच्या किमान सहापट ठेवायची ती यासाठीच.

रेटा

दर २ फेऱ्यांनंतर बाजूने एक फोटो. कॅमेरा तिपाईवर, थराच्या उंचीला, काचेला काटकोनात. एकूण २० सेंमी रेटायचं आहे, म्हणजे ६६-६७ फोटो. हँडल हळू फिरवा की भरभर, कोरड्या वाळूत फरक पडत नाही, कारण तिचं घर्षण वेगावर अवलंबून नसतं. धक्का मात्र बसू देऊ नका.

प्रमाण असं धरा: पेटीतला १ सेंमी म्हणजे निसर्गातला १ किमी. नेपाळ हिमालयात आकुंचनाचा वेग वर्षाला सुमारे २० मिमी आहे. त्या हिशोबाने हँडलची एक फेरी म्हणजे १५० मीटर, सुमारे साडेसात हजार वर्षं. पूर्ण प्रयोग दहा लाख वर्षांचा.

पहिल्या सेंटीमीटरभर फारसं काही दिसत नाही. फळीजवळचा थर किंचित जाड होतो, रांगोळीच्या रेघा एकमेकींपासून दूर जातात. मग अचानक दोन भेगा उमटतात: एक फळीकडून पुढे वर येणारी, २५ ते ३० अंशांची, आणि दुसरी उलट दिशेची, जास्त उभी. मधला तुकडा पाचरीसारखा वर उचलला जातो. हा कोन योगायोगाने येत नाही. आडव्या दाबाखाली दाणेदार पदार्थ ४५ वजा अर्धा घर्षणकोन एवढ्या उताराने तुटतो. ३२ अंशांच्या वाळूला तो २९ येतो, आणि तळाच्या घर्षणामुळे पुढची भेग आणखी थोडी आडवी होते.

काही फेऱ्या सगळी हालचाल त्याच थ्रस्टवर होते. मग पुढे, अजून सपाट असलेल्या वाळूत, नवा थ्रस्ट फुटतो आणि जुना थांबतो. पुढचे काप वर चढताना थांबलेले थ्रस्ट त्यांच्या पाठीवर बसून मागे कलतात, अधिकाधिक उभे होत जातात. म्हणून रेटा मागून असला तरी नवा डोंगर पुढच्या टोकाला जन्मतो. हिमालयातला क्रम हाच आहे. उत्तरेकडचा मेन सेंट्रल थ्रस्ट सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी जोरात होता, त्याच्या दक्षिणेचा मेन बाउंडरी थ्रस्ट सुमारे १ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला, आणि शिवालिकच्या पायथ्याचा मेन फ्रंटल थ्रस्ट सगळ्यात तरुण, आजही जिवंत. शेवटच्या दोघांच्या मधल्या खोलगट पट्टीत डेहराडून वसलं आहे. तुमच्या फोटोंतही दोन कापांच्या मध्ये अशी खोलगट जागा दिसेल, ती नीट बघा. खोलवर हे तिन्ही एकाच कमी उताराच्या तळभेगेला जाऊन मिळतात. २५ एप्रिल २०१५ चा ७.८ तीव्रतेचा गोरखा भूकंप याच तळभेगेवर झाला.

पुढेच का फुटतं?

खळ्यावर फळीने धान्य लोटून बघितलेल्या माणसाला हे लगेच उमजेल. फळीपुढची रास आधी उंच होते. एका ठरावीक उतारापर्यंत ती वाढते, मग उतार तसाच राखून सगळीच्या सगळी पुढे सरकू लागते आणि पुढचे दाणे आपल्यात ओढून घेते. रास फार सपाट असेल तर तळाचं घर्षण तिला अडवतं आणि ती आतल्या आत जाड होते. पुरेशी जाड झाली की मागचा रेटा पुढच्या टोकापर्यंत पोचतो. या ठरलेल्या कोनाला निर्णायक पाचरकोन म्हणू. १९८३ मध्ये डेव्हिस, सपी आणि डालेन या भूवैज्ञानिकांनी त्याचं गणित मांडलं आणि तैवानच्या डोंगरांवर तपासलं. तिथे पृष्ठभागाचा उतार सुमारे ३ अंश आणि तळाचा उलट दिशेचा सुमारे ६ अंश आहे.

सपाट सनमायकावर तुमच्या पाचरीचा उतार ६ ते ८ अंशांत यायला हवा. आता तळाला पॉलिश पेपर चिकटवून सगळं पुन्हा करा: तीच वाळू, तेवढीच जाडी, तेवढाच रेटा. उतार १० च्या पुढे जाईल, कधी १५ च्याही वर. थ्रस्ट दाटीवाटीने येतील, जवळपास सगळे पुढच्या दिशेने चढणारे. गुळगुळीत तळावर ते लांब लांब होते आणि उलट दिशेच्या भेगाही ठळक होत्या.

आकडे आधी कागदावर काढून ठेवता येतात. २० सेंमी रेटलं आणि थर ३ सेंमी जाड, म्हणजे वर चढलेलं क्षेत्र ६० चौरस सेंमी. ते त्रिकोणात बसवा. ६ अंशांना पाचर ३४ सेंमी लांब आणि फळीपाशी सुमारे ६.५ सेंमी उंच होते. १२ अंशांना लांबी २४ सेंमी आणि उंची ८. रेटा तेवढाच, डोंगर वेगळा.

निसर्गातला सगळ्यात निसरडा तळ मिठाचा. पाकिस्तानातल्या पोटवार पठाराखाली मिठाचा जाड थर आहे. तिथे पृष्ठभागाचा उतार एका अंशाहूनही कमी, आणि सबंध पठार फारसं न मोडता मिठावरून सुमारे २० किमी दक्षिणेला सरकलं आहे. त्याच्या पुढच्या काठावर ते मीठ उघडं पडतं, तीच सॉल्ट रेंज. उपासाचं शेंदेलोण म्हणून २०२५ पर्यंत पूर्वापार आपल्याकडे येत असलेलं मीठ याच डोंगरातलं. स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सीमेवरचा ज्युरा आणि इराणचा झॅग्रोस हेही मिठावरच सरकलेले. वाळूने हे नीट दाखवता येत नाही, कारण मीठ वाहतं. प्रयोगशाळेत त्यासाठी सिलिकॉनचा चिकट गोळा वापरतात, आणि तिथे मात्र रेट्याचा वेग काटेकोर राखावा लागतो.

मीठ नसेल तिथे काम करतं दाबाखालचं पाणी. १९५९ मध्ये हबर्ट आणि रूबी या भूवैज्ञानिकांनी दाखवलं की ५ किमी जाडीची कोरडी शिळा मागून ढकलली, तर सुमारे १८ किमीपेक्षा जास्त लांबीची शिळा सरकण्याआधी चुरडेल. पण प्रत्यक्षात याहून कितीतरी लांब काप सरकलेले दिसतात. छिद्रांतलं पाणी वरचा भार उचलून धरतं, घर्षण घटतं, आणि मग एवढ्या लांब शिळा सलग सरकू शकतात. पाचरकोनाच्या गणिताने दुसरी बाजूही पुरी केली: शिळेला चौकोनी धरायचं नाही, ती मागे जाड आणि पुढे निमुळती असते.

जमलं तर आणखी तीन

पेटी कलती करा. पुढचं टोक ५ सेंमी उचललं की तळ सुमारे ३ अंश फळीकडे झुकतो, जसा भारत तिबेटकडे झुकलेला आहे. पृष्ठभागाचा उतार सनमायकावर ४ अंशांच्या आसपास उतरतो. मोजताना कोन क्षितिजाशी मोजा, पेटीच्या कडेशी नाही. ही चूक नेहमी होते.

थरांच्या मधोमध, १५ मिमीवर, ५ मिमी राजगिरा पसरा, साधारण पाऊण किलो. गोल दाणा वाळूपेक्षा निसरडा असतो. कड्याची चाचणी करून खात्री करा. आता खालचे काप राजगिऱ्याखाली एकमेकांवर रचले जातात आणि वरचे थर त्यांच्यावर कमानीसारखे ताणले जातात. राजगिऱ्याऐवजी मोहरी घेऊ नका. तिच्या मोठ्या फटींतून वाळू खाली झिरपते.

तिसरा प्रयोग झिजेचा. रेटा चालू असताना दर ३ सेंमीनंतर मागच्या उंच भागावरची वाळू चमच्याने काढून तोलून ठेवा. उतार कमी झाला की पाचर पुन्हा अपुरी पडते, आणि मागचे झोपलेले थ्रस्ट जागे होतात. पाऊस आणि हिमनद्या पर्वत नुसता झिजवत नाहीत, कोणती भेग सरकणार तेही बदलतात. मला या सगळ्या मालिकेत हाच प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो.

कापणं आणि मोजणं

काचेजवळचा छेद घर्षणाने बिघडलेला असतो, म्हणून मधला छेद घ्या. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाका आणि फवाऱ्याने अगदी हळू भिजवा. साबण नसेल तर पाणी वरच साचून ओघळ पाडतं. पाणी तळापर्यंत पोचायला दोन तास द्या. एका बाजूची काच काढा, पातळ पत्रा सरळ उभा खाली घाला आणि बाहेरची १० सेंमी वाळू बाजूला करा.

छेदाचा फोटो मूळ मापात छापून घ्या. प्रत्येक रांगोळीच्या रेघेवर धागा ठेवा, भेगेपाशी तोडून पुढे जोडत. धाग्याची एकूण लांबी वजा आजची लांबी म्हणजे भेगा आणि घड्यांनी केलेलं आकुंचन. भूवैज्ञानिक संतुलित छेद काढतात तेव्हा हेच करतात. धागा ९० सेंमी भरणार नाही, कमी येईल. यात तुमचं मोजणं चुकलेलं नसतं. पहिल्या सेंटीमीटरात थर भेग न पडता जाड झाले होते, ते आकुंचन कुठल्याच भेगेत दिसत नाही. म्हणूनच पर्वतांसाठी काढलेला आकडा कमीत कमी एवढा, असाच वाचायचा. खरं उत्तर फक्त पेटीतच माहीत असतं: रॉडच्या फेऱ्या गुणिले १.५ मिमी.

टक्केवारी सांगताना पट्टा कोणता ते सांगा. पूर्ण ९० सेंमीवर आकुंचन २२ टक्के येतं. पण ६ अंशांच्या पाचरीतली ३४ सेंमी लांबी मूळची ५४ होती, तिथे ते ३७ टक्के.

पेटीत काय नाही, हेही माहीत हवं. वाळूत ताण साठत नाही, म्हणून भूकंप नाही. पर्वताच्या वजनाने तळ वाकत नाही. आणि चुनखडीसारखे थर एकमेकांवर घसरून ज्या घट्ट घड्या घालतात, त्या वाळूत उमटत नाहीत. इथल्या घड्या फक्त भेगेच्या टोकावर आणि चढावर थर वाकण्याच्या. शिवाय ही पेटी सह्याद्रीची नाही. सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे, आकसून उभा राहिलेला नाही. दुमडलेले खडक महाराष्ट्रात बघायचे तर नागपूर-भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या पट्ट्यात जावं.

वाळू पुन्हा वापरायची असेल तर साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, वाळवा, दोन्ही चाळण्यांतून काढा आणि कड्याची चाचणी नव्याने करा. कोन पहिल्यापेक्षा दोन अंशांहून जास्त बदललेला दिसला, तर ती वाळू कुंड्यांत घाला आणि नवी घ्या.